दोन नंबरच्या टेबलावरचे प्रश्न

सोमवार, ४ मार्च

आज आम्हा सगळ्यांना एकेक वही मिळाली. आकाशी रंगाची, वर ताटलीएवढं प्रश्नचिन्ह. त्या वहीत रोज एक प्रश्न लिहायचा आणि शुक्रवारी ती साहेबांच्या खोलीबाहेरच्या पेटीत टाकायची. सोमवारी परत मिळणार, प्रश्नांना टेबलावार गुण देऊन.

ही ती वही नव्हे. ही माझी स्वतःची, लेकीनं दोन वर्षांपूर्वी दिलेली, कपड्यांच्या घडीखाली कोरीच पडून होती. प्रश्न तिकडे लिहायचे तर बाकीचं कुठेतरी लिहायला हवं, म्हणून आज बाहेर काढली.

आमचा विभाग इस्पितळाच्या तळघरात आहे. कागदोपत्री त्याचं नाव भलंमोठं आहे, पण सगळे 'वाफेची खोली' म्हणतात. शस्त्रक्रियेची हत्यारं धुऊन, कोरडी होऊन आमच्याकडे येतात. आम्ही एकेक तपासतो, यादीप्रमाणे मोजून ट्रेमध्ये लावतो, दुहेरी कापडात बांधतो आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात पाठवतो. तीन टेबलं, प्रत्येकावर दोघी. दोन नंबरच्या टेबलावर मी आणि ती. मी यादी वाचते, ती हत्यार उचलून ट्रेमध्ये ठेवते. मी म्हणायचं, "वाकडा चिमटा, लहान, सहा." तिनं ठेवत ठेवत म्हणायचं, "सहा." चोवीस वर्षं हेच चाललंय. नवरा होता तेव्हा त्याच्याशीसुद्धा दिवसभरात माझं इतकं बोलणं होत नसे.

विभागात तिला 'फौजदार' म्हणतात, कारण तिच्यासमोर कोणी ओल्या हातानं कापडाला हात लावायची हिंमत करत नाही. ती मला 'कॉन्व्हेंट' म्हणते. फाटकं फडकंसुद्धा मी कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घालते म्हणून. ननच्या शाळेत हातावर पट्ट्या खाल्ल्या की घड्या आयुष्यभर जुळतात.

साहेबांनी आज सांगितलं की जूनमध्ये नवं यंत्र येतंय आणि तीनऐवजी दोनच टेबलं राहणार. "कोणतं जाईल ते अजून ठरलेलं नाही. ज्यांच्यात शिकायची भूक दिसेल, ते राहतील." मग त्यांनी एका प्रशिक्षिकेला पुढे केलं. लेकीच्या वयाची मुलगी, पायांत पांढरेशुभ्र बूट. आमच्या खोलीत ते बूट संध्याकाळपर्यंत पांढरे राहिले याचंच मला कौतुक वाटलं.

"जिज्ञासा वापरली की वाढते," ती म्हणाली. मग आमच्या टेबलाकडे वळून, "काकू, तुम्ही शेवटचा प्रश्न कधी विचारलात?"

"आत्ताच," फौजदार म्हणाली. "पंखा कुणी बंद केला, म्हणून."

सगळे हसले. मीही हसले, पण मनात हिशोब मांडत होते. माझी नोकरीची सहा वर्षं उरलीत, लेक मिळवती आहे, मी निभावून नेईन. हिची दोनच उरलीत. पण ती इस्पितळाच्या आवारातल्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत एकटी राहते. नोकरी गेली की महिन्याभरात खोली गेली. मग भावाच्या दारात. त्या भावाच्या घरी ती एकोणीस वर्षांत जेवलेली नाही.

मी ठरवलंय. आमचं टेबल राहिलं पाहिजे.

बुधवार, ६ मार्च

मजा येते आहे, हे कुणाला सांगायची सोय नाही.

गाठोडं बांधल्यावर आम्ही जी चिकटपट्टी लावतो, तिच्यावरच्या फिकट रेघा वाफेत काळ्या होतात. काळ्या झाल्या म्हणजे वाफ लागली. चोवीस वर्षं मी ती पट्टी लावते आहे. का काळ्या होतात, हे मी कधी विचारलंच नव्हतं! आज यंत्रावरच्या माणसाला गाठलं. तो म्हणाला, रेघांत एक रसायन असतं, उष्णता आणि ओल दोन्ही मिळाली तरच ते रंग बदलतं. नुसत्या उष्णतेनं नाही. मी म्हटलं, म्हणजे दोघं लागतात तर. तो म्हणाला, "बाई, तुम्हाला बरं वाटतंय ना?"

दुपारी आमच्या वह्या भरायला बसलो. फौजदारनं तिची वही माझ्यापुढे सरकवली. "तूच लिही माझ्यात पण. माझं अक्षर घाण आहे."

"प्रश्न तरी सांग."

"लिही, ही वही कशाला दिली."

"अगं, असं लिहून चालतं का!"

"मग लिही तुला हवं ते. तुझ्या प्रश्नांना काय तोटा."

मग मीच तिच्या नावानं लिहिलं, कापडाचा हिरवाच रंग का निवडला असेल. चांगला सुचला. माझ्या वहीत लिहायला हवा होता असं क्षणभर वाटून गेलं.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळी आवार ओलांडताना समोरच्या बाजूनं फौजदार येत होती. मी हात केला. चांगला दोनदा हलवला. तिनं बघून न बघितल्यासारखं केलं आणि सरळ पुढे गेली. मी "अगं ए" म्हटल्यावर थांबली, "काय गं कॉन्व्हेंट, ओरडतेस काय" म्हणाली. जणू काही झालंच नाही. वह्यांमध्ये मी पुढे आहे हे तिला खुपत असेल का? माणसं ओळखता येत नाहीत.

मंगळवार, १२ मार्च

आज बैठकीत माझा प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवला!

पोटाच्या शस्त्रक्रियेच्या ट्रेमध्ये एक जाड जबड्याचा चिमटा असतो. तो दर वेळी आमच्याकडे एकही नवा ओरखडा न घेता, जसाच्या तसा परत येतो. कुणी हात लावलेला नसतो. मी लिहिलं होतं, हा चिमटा कोण वापरतं? साहेबांनी शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ज्यांना तो लागायचा ते डॉक्टर अकरा वर्षांपूर्वी निवृत्त झाले. अकरा वर्षं आम्ही तो चिमटा पुसतोय, मोजतोय, बांधतोय, उकळत्या वाफेत घालतोय. यादी आता नव्यानं करणार आहेत.

पांढरे बूट (हे नाव फौजदारनं ठेवलं) सगळ्यांसमोर म्हणाली, "याला म्हणतात जागं मन." माझे कान गरम झाले. शाळेत वक्तृत्वाचं बक्षीस मिळालं होतं, त्यानंतर आजच.

टेबलावर परत आल्यावर मी फौजदारला विचारलं, "बरं झालं ना?"

"चिमट्याला विचार. बिचारा अकरा वर्षं न बोलता बसून खात होता, आता गेला घरी."

"तुझं आपलं काहीतरीच."

"काहीतरीच नाही. तू प्रश्न विचारलास आणि यादीतून एक जण कमी झालं. पुढच्या वेळी जरा जपून विचार."

तिला चांगलं म्हणताच येत नाही. पण हात काय चालतात तिचे! आज एक कात्री हातात घेतल्याबरोबर बाजूला ठेवली. "हिचा स्क्रू सैल आहे." मी डोळ्यांपुढे धरून पाहिली, मला काही दिसेना. यंत्रावरच्या माणसानं पिळून पाहिली, तर खरंच पाव फेरा सैल. तिनं तर नीट बघितलंही नव्हतं, नुसता अंगठा फिरवला होता.

रविवार, १७ मार्च

घरी आहे. खिडकीत उशी घेऊन बसले आहे. लेकीचा फोन आला होता. तिला वह्यांची हकिगत सांगितली. ती म्हणाली, "आई, तू प्रश्न विचारतेस? बाबा असते तर दचकले असते." खरं आहे. त्यांना प्रश्न आवडत नसत. उशीर का झाला, एवढं विचारलं तरी दोन दिवस घर गप्प.

त्यांच्याही आधी सवय मोडली ती शाळेत. मी दहा वर्षांची असेन. आम्हाला शिवण शिकवणाऱ्या सिस्टर होत्या, उंच, हाडकुळ्या, बोटांना नेहमी खडूचा वास. एकदा भर वर्गात मी विचारलं, "सिस्टर, तुमच्या डोक्यावरच्या कापडाखाली केस असतात का?" मुलींना हसू आवरेना. मला दोन तास व्हरांड्यात उभं केलं. माझ्या पायांना मुंग्या आल्या आणि डोळ्यांतलं पाणी मी भिंतीकडे तोंड करून गिळलं.

शाळा सुटल्यावर सिस्टरनी मला शिवणाच्या खोलीत बोलावलं. दार लावलं. डोक्यावरचं कापड मागे सरकवलं. आखूड, करडे, कसेतरी कापलेले केस. कानामागे एक जुना भाजल्याचा डाग. त्या म्हणाल्या, "बाळ, माणसाविषयी विचारायचं असेल तर त्याला एकटं गाठून विचारावं." आणि पुन्हा कापड बांधलं.

किती वर्षांनी आठवलं हे. तो डाग कसा पडला होता, ते मात्र विचारायचं राहिलं. आज वाटतं, मला ते विचारायला मिळावं म्हणूनच त्यांनी दाखवला होता की काय.

गुरुवार, २१ मार्च

फलकावर टेबलांचे गुण लागले. दोन नंबर पहिला! तीन नंबर आणि आमच्यात फक्त दोन गुणांचं अंतर आहे, पण आहे. मी फौजदारला ओढत फलकापाशी नेलं. "बघ, बघ ना."

"वाच तू."

"अगं, समोर आहे."

"तुझ्या तोंडून ऐकायला गोड वाटतं. वाच."

मी वाचलं. तिनं माझ्या दंडाला हात लावला आणि बराच वेळ काढला नाही. तिला इतकं बरं वाटेल असं मला वाटलं नव्हतं. परत येताना म्हणाली, "दोन वर्षं, कॉन्व्हेंट. दोनच वर्षं काढायचीत. मग काय व्हायचं ते होऊ दे."

दुपारी पांढऱ्या बुटांनी मला एकटीला बोलावलं. शेवटच्या आठवड्यात सगळ्यात जास्त गुण 'सवय मोडणाऱ्या' प्रश्नाला आहेत, म्हणाली. जी गोष्ट वर्षानुवर्षं तशीच करता, तिच्यावर बोट ठेवा. तसा प्रश्न आला तर साहेबांना दोन नंबर ठेवावंच लागेल.

मी जिना उतरेपर्यंत मला सुचला. वहीत सुवाच्य अक्षरात लिहिला. 'चोवीस वर्षं यादी मीच का वाचते आणि हत्यारं तीच का ठेवते? अदलाबदल केली तर आम्हा दोघींना काय नवं दिसेल?'

फौजदारला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, नको ते उद्योग. खरं सांगायचं तर सोमवारी तो वाचून दाखवतील तेव्हा तिचा चेहरा मला बघायचा होता.

सोमवार, २५ मार्च

लिहावंसं वाटत नाही. पण इथं नाही लिहिलं तर कुठे.

दहाच्या सुमाराला साहेब आणि पांढरे बूट टेबलापाशी आले. हातात पोटाच्या ट्रेची नवी यादी, सकाळीच छापून आलेली. मीही ती पाहिली नव्हती. बाकीच्या दोन्ही टेबलांवरच्या बायकांना जवळ बोलावलं. पांढऱ्या बुटांनी माझा प्रश्न वाचला. "तर आज आपण बघूया." मग फौजदारकडे वळून, "काकू, तुम्ही वाचा. आणि या ठेवतील."

फौजदारनं माझ्या दिशेला तोंड केलं. "हे तू लिहिलंस?"

"अगं, गंमत म्हणून."

तिनं कागद घेतला. दिव्याखाली जरासा तिरका धरला. आणि वाचायला लागली. "सरळ कात्री, एक. वाकडी कात्री, दोन. दातेरी चिमटा, चार." खणखणीत आवाज, कुठे अडखळणं नाही. मी ठेवत होते. माझे हात तिच्याइतके चलाख नाहीत, दोनदा चिमटा निसटला, आणि सगळ्यांचं लक्ष माझ्या हातांवर आहे या जाणिवेनं मी इतकी गांगरले होते की पांढऱ्या बुटांचं बोट त्यांच्या प्रतीवर थांबलंय हे मला दिसलंच नाही.

"जाड जबड्याचा चिमटा, एक," फौजदार म्हणाली.

मी शोधला. नव्हता. आणि मी, मीच, म्हणाले, "अगं, तो काढला ना यादीतून!"

"असं? बरं, मग पुढचा."

"काकू," साहेब म्हणाले, "चौथ्या ओळीत काय लिहिलंय?"

"तुम्हीच वाचा साहेब. तुमचे डोळे तरुण आहेत."

कुणी हसलं नाही. साहेबांनी भिंतीवरचं हजेरीच्या वेळांचं पत्रक काढून तिच्यापुढे धरलं. मोठी अक्षरं, बोटाएवढी. "हे वाचा बरं."

तिनं ते घेतलं नाही. यादीचा कागद टेबलावर ठेवला आणि तळव्यानं सपाट केला. कापडाची सुरकुती काढावी तसा. "नाही वाचता येत," ती म्हणाली.

चोवीस वर्षं मी वाचलेली यादी तिला पाठ होती. सगळ्या ट्रेंच्या, सगळ्या याद्या. चिमटा गेल्याचं डोक्याला ठाऊक होतं, जिभेला नव्हतं.

मंगळवार, २६ मार्च

तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे वर पाठवलं. इस्पितळातच आहेत, चौथ्या मजल्यावर. दोन्ही डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेचं दिसतं, त्यामुळे चालता येतं, जिना उतरता येतो. समोर बघितलं की समोरचंच दिसत नाही. नजर परत आणण्यासारखा उपाय आता नाही.

साहेबांनी तिच्या आणि माझ्या आकाशी वह्या शेजारी शेजारी ठेवल्या होत्या. "दोन्हीत अक्षर एकच आहे," ते मला म्हणाले. "आम्ही पहिल्याच शुक्रवारी बघितलं होतं. म्हटलं, बघू किती दिवस लपवतात."

पहिल्याच शुक्रवारी! मग आमच्या टेबलाला गुण दिले ते कशाला? हे विचारायचं माझ्या तोंडावर आलं होतं. विचारलं नाही.

मला कल्पना नव्हती. शपथेवर सांगते, नव्हती.

शनिवार, ३० मार्च

साहेबांनी तिला या महिनाअखेरीस कमी केलं; शेवटच्या दिवशी ती कामावर आलीच नाही. तिच्या खोलीवर गेले. ती पेटीत कपडे भरत होती. माझ्या पावलांवरूनच म्हणाली, "ये कॉन्व्हेंट. चप्पल घासून चालायची तुझी सवय काही जात नाही."

मी पलंगावर टेकले. "किती दिवस झाले?"

"तीन वर्षं पुरी होतील. आधी अक्षरं गेली. मग सुईतला दोरा. तुझा चेहरा गेल्या वर्षी गेला. कानाजवळचे केस दिसतात अजून. पांढरे झालेत गं."

"मला सांगायचं होतंस."

"तू विचारायचं होतंस."

"मला काय माहीत..."

"महिनाभर तू वाफेला विचारलंस, पट्टीला विचारलंस, त्या यंत्रवाल्याचा जीव खाल्लास. शेजारी मी बसलेली होते. मी काय कापडात गुंडाळलेली होते?"

मी म्हटलं, "आपलं टेबल वाचावं म्हणून केलं मी सगळं. तुझ्यासाठी."

"माझ्यासाठी." तिनं एक घडी उलगडली, पुन्हा घातली. तिच्या घड्या कधीच जुळत नाहीत. "एकवीस वर्षं हजेरीवर मी सही करत होते, कामाच्या नोंदी मी लिहीत होते. मग एकाएकी माझं अक्षर घाण कसं झालं, हे तुझ्या मनात आलं नाही?"

"नाही," मी म्हणाले.

इथं खरं लिहिते. आलं होतं. त्याच बुधवारी आलं होतं, वही माझ्यापुढे सरकवली तेव्हाच. पण विचारलं असतं तर ती वही मला परत करावी लागली असती. आणि तिच्या वहीतही माझेच प्रश्न लिहायला मला फार आवडत होतं.

"एक ट्रे चुकलाय का माझा?" तिनं विचारलं. "तीन वर्षांत एक? एक कात्री कमी, एक डाग राहिलेला? अंगठ्याला जे कळतं ते तुमच्या दोन डोळ्यांना कळत नाही. जा, विचार त्या साहेबाला. हा प्रश्न विचार."

सोमवार, ८ एप्रिल

आठवडाभर धीर गोळा केला आणि आज साहेबांच्या खोलीत गेले. सांगितलं, तीन वर्षांत दोन नंबरच्या टेबलाची एकही तक्रार नाही, नोंदवह्या काढून बघा. तपासणी मी करीन, मोजणी ती करील, दोनच वर्षांचा प्रश्न आहे.

"काढल्या होत्या," साहेब म्हणाले. "तक्रार नाही, हे खरं. पण उद्या एखाद्या पेशंटच्या नातेवाइकांनी विचारलं, हत्यारं तपासणाऱ्या बाईंना दिसत होतं का, तर काय सांगू? तुम्ही सांगाल?"

त्यांचंही चूक नाही, हेच मला डाचतंय. माझ्या लेकीची शस्त्रक्रिया असती तर मीही हेच विचारलं असतं.

मग त्यांनी मला बसायला सांगितलं. पांढरे बूट दुसऱ्या इस्पितळात चालल्यात. नव्या माणसांना शिकवायला इथलंच कुणीतरी हवं, ज्याला काम माहीत आहे आणि ज्याच्यात जिज्ञासा आहे. वर, दुसऱ्या मजल्यावर, उजेडाची खोली. "सगळ्यांनी तुमचंच नाव घेतलं."

"सगळ्यांनी म्हणजे कुणी?" असं विचारता आलं असतं.

मी म्हटलं, विचार करून सांगते. दारापर्यंत जाऊन परत आले आणि हो म्हणाले.

रविवार, २१ एप्रिल

आज तिचा भाऊ गाडी घेऊन आला. मी सकाळीच गेले होते. भाऊ गाडीतच बसून राहिला, वर आला नाही. दोन पेट्या, एक गादी, एक स्टूल. एवढ्या वर्षांचा संसार दोन फेऱ्यांत खाली आला.

जिन्यावर मी तिचा हात धरायला गेले. "सोड. पायऱ्या मला पाठ आहेत."

खाली आल्यावर मी विचारलं, "तिकडे काय करशील?"

"बसेन."

"मी येऊ का भेटायला?"

तिनं मान किंचित वळवली, माझा चेहरा कडेला आणायला म्हणून. मग म्हणाली, "हे तुला खरंच विचारायचंय, की साहेबांनी सांगितलंय?"

मी रडायला लागले. तिनं मला रडू दिलं. पाठीवर हात ठेवला नाही आणि ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. भावानं हॉर्न वाजवला. ती चाचपडत दाराची कडी शोधत होती तेव्हा मला पुढे होऊन दार उघडावंसं वाटलं, पण मी उघडलं नाही. तिला आवडलं नसतं. की मलाच जवळ जायचं नव्हतं?

गाडी वळली तेव्हा मी हात हलवत होते.

सोमवार, १३ मे

आज तीन नंबरच्या टेबलावरची एक जण वर भेटायला आली. म्हणाली, दोन नंबरचं टेबल हलवलं, तिथे नव्या यंत्राचा चौथरा बांधताहेत. मग म्हणाली, "पोटाच्या ट्रेमध्ये परवा एक चिमटा कमी निघाला. शस्त्रक्रियेच्या खोलीतून फोन आला. कुणी मोजला होता कळेना. हल्ली एकटीच मोजते ना प्रत्येक जण." मी म्हटलं, लिहून ठेवलंत का? ती म्हणाली, "कुठे लिहायचं बाई? ती वही आता कुणी मागत नाही."

भावाच्या घरचा नंबर माझ्याकडे आहे. दोनदा लावला. एकदा भावजयीनं उचलला, म्हणाली झोपल्यात. दुपारचे बारा वाजले होते. फौजदार दुपारी कधी झोपली नाही.

गुरुवार, ६ जून

आज माझी पहिली बॅच. चौदा मुली, दोन मुलं. खोलीत भरपूर उजेड. मी जाऊन आधी सगळ्यांच्या पायांतले बूट बघितले, मग माझ्याच लक्षात आलं की मीही नवे घेतलेत.

साहेब सुरुवातीला दहा मिनिटं बसले. माझी ओळख करून दिली की या बाईंनी एक साधा प्रश्न विचारला आणि अकरा वर्षांची चूक सापडली. मग दुसरा विचारला आणि विभागातला एक मोठा धोका उघडकीला आला. साहेब गेल्यावर मी ते सगळं सविस्तर सांगितलं. चिमट्याची गोष्ट सांगितली तेव्हा हसले. मी चांगलं सांगते, हे मला कळत होतं. आवाज कुठे खाली घ्यायचा, कुठे थांबायचं, सगळं आपोआप जमत होतं. अदलाबदलीच्या प्रश्नापाशी आले तेव्हा खोली अगदी शांत होती. मी सांगितलं, समोरच्या व्यक्तीला यादी दिसत नव्हती, आणि हे इतकी वर्षं कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

तिसऱ्या ओळीतल्या एका मुलीनं टाळी वाजवली नाही. बारीक चणीची, केस घट्ट बांधलेले. तिनं हात वर केला.

"बाई, त्या तुमच्या मैत्रीण होत्या का?"

मी मैत्रीण हा शब्द एकदाही वापरला नव्हता.

"आम्ही एका टेबलावर काम करायचो," मी म्हणाले.

"मग त्यांचं पुढे काय झालं?"

सोळा जण माझ्याकडे बघत होते. त्या मुलीच्या चेहऱ्यावर काही आगाऊपणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. इतकं साधं विचारणं मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं.

"निवृत्त झाल्या," मी म्हणाले. "भावाकडे असतात. अगदी आनंदात आहेत."

तिनं ते वहीत लिहून घेतलं. लिहिताना मान वर करून पुन्हा माझ्याकडे बघितलं, आणि तिचा हात परत वर जायला लागला.

मी सगळ्यांना चहाला सोडलं. सुट्टी व्हायला अजून वीस मिनिटं होती.